कुठलाही देश चालेल

"विलगीकरणातला 'गी' दीर्घ असतो. तुम्ही र्‍हस्व लिहिलाय."

मी स्टुलावर चढून फळ्यावर लिहीत होतो. मागं वळून पाहिलं तर दारात साठीच्या एक बाई उभ्या होत्या. डोक्यावरून घट्ट ओढणी, तोंडाला कापडी मास्क, एका हातात निथळणारी छत्री आणि दुसऱ्या हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेली पर्स. मी ओल्या बोटानं 'गि' पुसला आणि 'गी' केला. ते पाहिल्यावरच त्या आत आल्या.

२०२१चा जुलै महिना होता. रत्नागिरीत मारुती मंदिराच्या चौकाजवळ माझं विमान तिकिटांचं ऑफिस आहे. करोनाच्या आधी माझं सगळं काम आखाताचं असे. कुवेत, कतार, दुबईला नोकरीवर जाणारी माणसं आणि वर्षातून दोन-तीन, मक्केला उमऱ्याच्या यात्रेला जाणारे गट. मग सव्वा वर्ष शटर वर करायचीसुद्धा गरज पडली नाही. त्या पावसाळ्यात एकेक देश दार किलकिलं करू लागला, पण प्रत्येकाचा नियम निराळा आणि आजचा नियम उद्या राहील याची खात्री नाही. म्हणून मी एक जुना फळा मिळवून भिंतीला टांगला होता. देश, व्हिसा, तपासणी, विलगीकरण असे रकाने पाडले होते. रोज सकाळी विमान कंपन्यांची परिपत्रकं वाचून ते नव्यानं भरायचो. कुठं जायचं नसलं तरी लोक तो फळा वाचायला यायचे.

"मी रुकय्या होडेकर," बाई खुर्चीत बसत म्हणाल्या. "खाडीपलीकडं राहते. जिल्हा परिषदेच्या शाळेत होते, आता निवृत्त. माझ्या मुलाचं, इम्तियाजचं, कुवेतचं तिकीट तुम्हीच काढता."

इम्तियाजला मी ओळखत होतो. दर दोन वर्षांनी यायचा. शांत, कामापुरतं बोलणारा.

"बोला बाई. कुवेतला जायचंय?"

"नाही."

"मग कुठं?"

"ते तुम्ही सांगा. सगळ्यात कमी अडवाअडवी कुठं आहे?"

मला वाटलं, घरात बसून कंटाळल्या असतील. असे लोक तेव्हा बरेच यायचे. मी म्हटलं, "पण काय बघायचंय? समुद्र, डोंगर, शहर?"

"समुद्र माझ्या दारात आहे. मला बघायचं काही नाही. आठवडाभर राहता आलं पाहिजे, जाऊन खोलीत कोंडून ठेवता कामा नये आणि फार कागद मागता कामा नयेत. कुठलाही देश चालेल."

वीस वर्षं मी हा धंदा करतोय. माणूस दुबई म्हणतो, सिंगापूर म्हणतो, निदान 'कुठं तरी थंड' असं तरी म्हणतो. कुठलाही देश चालेल असं म्हणणारं गिऱ्हाईक मला तोवर भेटलं नव्हतं.

"किती जणं?"

"दोघी."

"दुसऱ्या बाईंचा पासपोर्ट आणलाय?"

"तिचं तिकीट तुम्हाला काढायचं नाही. ती तिकडून येईल."

"तिकडून म्हणजे कुठून?"

"तिकडूनच," असं म्हणून त्यांनी पर्समधून छोटी वही आणि पेन काढलं. पुढचं मी विचारू नये, असा तो स्वर होता. वर्गातल्या पोरांना कळतो तसा तो मलाही कळला.

मी फळ्यावरचे देश वाचू लागलो. दुबई आपल्याला बंद. नेपाळमध्ये दहा दिवस विलगीकरण. ते त्यांनी लगेच खोडलं. "सर्बियाला व्हिसा लागत नाही," मी म्हटलं. "भारतीयांना."

"भारतीयांना," त्यांनी वहीत लिहिलं. "आणि दुसऱ्यांना?"

"दुसऱ्यांना म्हणजे कोणाला? देशावर असतं ते."

"पुढचा सांगा."

असे चार-पाच झाले. प्रत्येक देशाला त्यांचा प्रश्न तोच: हे आपल्यालाच, की सगळ्यांना? शेवटी मी मालदीवला आलो. नुकतंच उघडलं होतं. निघण्याआधी एक तपासणी आणि एक ऑनलाइन फॉर्म, बस्स. विलगीकरण नाही. व्हिसा विमानतळावरच.

"तो कोणाला?"

"कोणालाही. कुठल्याही देशाचा पासपोर्ट असो, उतरल्यावर शिक्का मारून देतात."

"कुठल्याही?"

"कुठल्याही."

त्यांनी 'मालदीव' लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या. मग वही मिटून पर्समध्ये ठेवली.

जाताना त्या दारात थांबल्या. "इम्तियाज फोन करतो तुम्हाला अधूनमधून. त्याला यातलं काही सांगू नका."

त्या गेल्यावर बराच वेळ मी त्यांच्या ओल्या पावलांचे ठसे बघत बसलो. निवृत्त शिक्षिका, एकटी, मुलापासून लपवून परदेशी निघालेली. कुठं जायचं हे माहीत नाही, पण कोणी काही विचारू नये हे मात्र पक्कं माहीत. मला सोन्याचा वास आला. वयस्कर बायकांना पुढं घालून चोरून सोनं आणतात, कारण त्यांना कोणी अडवत नाही, हे मी मुंबईच्या एजंटांकडून किती तरी वेळा ऐकलं होतं. पण होडेकर बाई आणि सोनं? 'गी' दीर्घ करून घेतल्याशिवाय खुर्चीत न बसणारी बाई? मन तयार होईना. पण एकदा शंकेचं कुसळ रुतलं की ते टोचतच राहतं.

चार दिवसांनी त्या पुन्हा आल्या. आता तारखा ठरल्या होत्या. अकरा ऑगस्टला जायचं, अठराला परत. पासपोर्ट आणला होता, दोन्ही लसींची प्रमाणपत्रं आणली होती. सगळे कागद क्रमानं लावलेले.

"तिकडून येणाऱ्या बाईंच्या तारखाही ह्याच?" मी सहज विचारल्यासारखं केलं.

"हो."

"राहायचं हॉटेल दोघींच्या नावे करू? तिथं फॉर्ममध्ये विचारतात. नाव काय त्यांचं?"

"माझ्या एकटीच्या नावे करा. तिचं ती करेल."

"एकाच ठिकाणी?"

"एकाच ठिकाणी."

मी संगणकावर बघू लागलो. त्या विमानात भरपूर जागा रिकाम्या होत्या. फॉर्ममध्ये त्यांचं नाव भरत होतो, इतक्यात टेबलावर उताणा ठेवलेला त्यांचा मोबाईल थरथरला. पडद्यावर नाव नव्हतं, नुसता नंबर. माझ्या धंद्यात हे आकडे पाठ असतात. नऊशे पासष्ट कुवेत, नऊशे चौऱ्याहत्तर कतार, नऊशे एकाहत्तर दुबई. हा नंबर सुरू होत होता ब्याण्णवनं.

ब्याण्णव म्हणजे पाकिस्तान.

बाईंनी झटकन मोबाईल उचलला आणि बाहेर ओट्यावर गेल्या. त्या खालच्या आवाजात, त्यांच्या घरच्या बोलीत बोलत होत्या. गिऱ्हाइकांमुळं ती बोली मला समजते. पावसाच्या आवाजात बरंचसं बुडालं, पण एक वाक्य नीट ऐकू आलं. "उशीर झाला तर काही उपयोग नाही. मग मी आले काय नि न आले काय, सारखंच."

आत आल्या तेव्हा मी पडद्याकडं बघत होतो.

"कोण हो?" मी विचारलं.

"घरचं."

"जरा नेट हळू चाललंय, बाई. जागा बघून उद्या सकाळी सांगतो."

नेट व्यवस्थित चाललं होतं.

त्या वळणावरून दिसेनाशा झाल्या तशी मी शेजारी नंदू शेट्येच्या दुकानात गेलो. नंदूचं झेरॉक्सचं आणि रबरी शिक्क्यांचं दुकान. आम्ही दहावीपर्यंत एका बाकावर बसलेले. मी त्याला सगळं सांगितलं. नाव सांगितलं नाही, पण ब्याण्णव सांगितलं.

नंदूनं झेरॉक्सचं झाकण बंद केलं. "हात झटक."

"अरे, म्हातारी बाई आहे. शिक्षिका होती."

"मग तर जास्तच. म्हाताऱ्या शिक्षिकेला कोण विचारतो? म्हणून तर तिला पाठवतात." मग त्यानं खालच्या आवाजात एका तिकीटवाल्याची गोष्ट सांगितली. दूरच्या एका गावातला. त्यानं कोणाचं तरी तिकीट काढलं, तो माणूस भलताच निघाला, आणि हा बिचारा आठ महिने चौकशीच्या फेऱ्या मारत होता. दुकान बसलं, मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं. नंदू म्हणाला, "त्याचा गुन्हा काय? विचारलं नाही, एवढाच."

"मी विचारलं की. ती सांगत नाही."

"मग तुला उत्तर मिळालंच. जो सांगत नाही त्याच्याकडं सांगण्यासारखं नसतं."

"पोलिसात कळवू?"

"कशाला नसतं लचांड? तिकीट काढू नको, बास. जागा नाही म्हणून सांग."

ते सोपं होतं. कोणाचं वाईट केलं असंही होत नव्हतं आणि अंगाशीही काही येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी फोन केला.

"बाई, जागा नाही."

"अकराला?"

"तो सगळा आठवडाच भरलाय. नवीन लग्न झालेल्यांची गर्दी."

"दुसऱ्या विमानानं? कोचीवरून, बंगळूरवरून, कुठूनही जाईन मी."

"सगळं बघितलं."

"बरं," त्या म्हणाल्या. "कोणी रद्द केलं तर कळवाल?"

"कळवतो ना."

त्यानंतर रोज सकाळी दहाला त्यांचा फोन यायचा. शाळेच्या घंटेसारखा, दहाला म्हणजे दहाला. "निघाली का जागा?" "नाही, बाई." "बरं." आरडाओरडा नाही, विनवणी नाही. सहा दिवस असं चाललं. एवढं शांतपणे विचारणारं माणूस नक्की काही तरी दडवतंय, असं मला दरवेळी वाटायचं आणि आपण केलं ते बरोबरच केलं, असंही वाटायचं. त्यांच्या पासपोर्टची झेरॉक्स माझ्या खणात होती. ती मी फाडून टाकली. सातव्या दिवशी फोन आला नाही. आठव्या दिवशीही नाही. दुसरा कोणी एजंट मिळाला असेल, असं म्हणून मी सुटकेचा निःश्वास सोडला.

ऑगस्ट उजाडला. सावंतांच्या मुलाचं लग्न जुलैत पन्नास माणसांत उरकलं होतं. तो आणि त्याची बायको मालदीवची तिकिटं न्यायला आली होती. मी प्रिंट काढत होतो. छपाई यंत्राच्या आवाजात दार उघडल्याचं मला कळलं नाही.

"अकरा तारखेचंच मिळालं ते बरं झालं," नवी नवरी म्हणाली. "काल सांगितलं आणि आज तिकीट हातात. मला वाटलं होतं जागाच नसेल."

"जागेला काय तोटा?" मी कागद जुळवत म्हणालो. "अर्धं विमान रिकामंच जातंय."

वर बघितलं तर भिंतीकडच्या बाकावर होडेकर बाई बसल्या होत्या. मांडीवर पर्स, पर्सवर दोन्ही हात.

सावंतांचा मुलगा पिशवी भरत होता, कुठली बोट, कुठलं हॉटेल असलं काही विचारत होता. मी काय उत्तरं दिली, आठवत नाही. जोडपं निघालं तेव्हा बाई उठून बाजूला झाल्या आणि नवरीला म्हणाल्या, "सुखानं जाऊन या." मग त्या टेबलासमोर येऊन बसल्या.

"अर्धं विमान रिकामं," त्या म्हणाल्या.

"कालच काही जागा सुटल्या, बाई. मी तुम्हाला फोन करणारच होतो."

"हो का."

त्या एवढंच म्हणाल्या. मला ते सहन होईना. पकडला गेलेला माणूस दोनच गोष्टी करतो, एक तर माफी मागतो, नाही तर अंगावर जातो. मी अंगावर गेलो.

"खरं सांगू? त्या दिवशी तुम्हाला इथं फोन आला, तो पाकिस्तानचा होता. मी नंबर बघितला."

"हो," बाई म्हणाल्या. क्षणभरही थांबल्या नाहीत. "माझ्या बहिणीचा."

बाहेर रिक्षा थांबली, कोणी तरी उतरलं, रिक्षा गेली. मग बाईंनी मास्क जरा खाली ओढला आणि सांगायला सुरुवात केली, हजेरी घ्यावी तशा सपाट आवाजात.

बहिणीचं नाव सफिया, त्यांच्याहून तीन वर्षांनी मोठी. शहात्तर साली तिचं लग्न आत्याच्या मुलाशी झालं. आत्याचं घर फाळणीच्या आधीपासून कराचीत, गोदीच्या कामानिमित्त गेलेलं. तेव्हा येणं-जाणं होतं. सफिया चौऱ्याऐंशी साली आली. मग वडील गेले तेव्हा, सत्त्याण्णवला आली. त्यानंतर नाही. तिनं तीनदा व्हिसासाठी अर्ज केला, बाईंनी दोनदा केला. कधी नकार आला, कधी काहीच आलं नाही. आई गेली तेव्हा सफियानं तिला माती देताना फोनवर ऐकलं.

"चोवीस वर्षं झाली," बाई म्हणाल्या. "मग ह्या साथीत तिचा मुलगा म्हणाला, तिकडं जाता येत नाही, इकडं येता येत नाही, तर दोघी तिसरीकडं भेटा. कुठल्या तरी देशात, जिथं दोन्ही पासपोर्ट चालतात. मला हे कधी सुचलंच नव्हतं. माझ्या डोक्यात भेटणं म्हणजे इथलं घर, नाही तर तिथलं."

"आणि इम्तियाज?"

"तो घाबरतो. म्हणतो, फोनवर बोल, पण भेटू नको. उद्या कोणी माझे कागद बघितले तर? त्याचंही चूक नाही. पोटापाण्याचा प्रश्न आहे."

"मग बाई, हे तुम्ही मला पहिल्या दिवशी का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तिकीट दिलं असतंत?"

मी टेबलावरचा स्टेपलर उचलला आणि परत ठेवला.

"आत्ता काढतो," मी म्हटलं. "अकराचंच. अजून जागा आहे."

"आता नको. सफियाला एकटीला प्रवास होत नाही. तिच्या मुलानं रजा काढली होती. मी जागा नाही म्हटल्यावर त्यानं ती परत केली. आता त्याला नोव्हेंबरातच मिळेल. तेच विचारायला मी आले होते."

मला केवढं हलकं वाटलं. काही बिघडलं नव्हतं तर. "मग नोव्हेंबरचं काढू," मी म्हटलं. "उलट बरंच झालं, बाई. पाऊस संपलेला असेल, समुद्र शांत असेल. चोवीस वर्षं गेली, तिथं तीन महिन्यांचं काय?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं. काही सांगायचं होतं की काय, कोण जाणे. मग पर्समधून पासपोर्ट काढून टेबलावर ठेवला.

"काढा."

त्यानंतर मी त्यांचं काम जिवाचं रान करून केलं, असं म्हटलं तर ते खोटं होणार नाही. पर्यटकांच्या बेटांवरची महागडी हॉटेलं सोडून स्थानिक वस्तीच्या बेटावर एक साधं, स्वच्छ घर शोधलं. मालकाशी स्वतः बोललो. दोन बहिणी येताहेत, खालच्या मजल्यावरची खोली द्या, म्हणून सांगितलं. फॉर्म भरून दिला, तपासणी कधी आणि कुठं करायची ते लिहून दिलं. मुंबईच्या गाडीत त्यांना बसवायला मी स्वतः गेलो. नंदू म्हणाला, "एवढं काय? कोण लागते तुझी?" मी म्हटलं, "शुद्धलेखन सुधारलं तिनं माझं." तो हसला. मीही हसलो. मनातला हिशोब मी मिटवून टाकला होता.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात सकाळी होडेकर बाई आल्या. चेहरा उन्हानं रापला होता. टेबलावर त्यांनी नारळाच्या वड्यांचा डबा ठेवला.

"कसं झालं सगळं?" मी खुर्ची पुढं केली. "भेट झाली ना?"

"झाली. सात दिवस बोलत होतो. दोनदा भांडलो. ती म्हणते आंब्यावरून मी तिला ढकललं होतं, मी म्हणते ती स्वतः पडली. पन्नास वर्षांपूर्वीचं." बाई हसल्या. "तिची बोली अजून आईसारखी आहे, बघा. माझी शाळेत शिकवून शिकवून बदलली. तिच्या तोंडचे शब्द मी विसरले होते."

"तुम्ही लगेच ओळखलंत एकमेकींना?"

"मी ओळखलं. तिला वेळ लागला." त्यांनी ओढणी सारखी केली. "विमानतळाच्या बाहेर मी तिच्या समोर उभी होते आणि ती माझ्या बाजूला बघत होती. मग तिच्या मुलानं तिचा हात धरून माझ्या हातात दिला."

मला कळेना. "का?"

"साखर आहे तिला. डोळ्यांत उतरली. लॉकडाऊनमध्ये दवाखाने बंद, उपचार राहून गेले. उजवा डोळा आधीच गेला होता. जूनमध्ये डॉक्टरांनी सांगितलं, डावाही फार दिवस राहणार नाही. फोनवरच्या व्हिडिओत तर तिला मी दिसेनाशीच झाले होते, नुसता उजेड दिसायचा. पण समोर कोणी खिडकीपाशी बसलं तर दिसतं, म्हणायची. नाक-डोळे दिसतात. म्हणून तर सगळी धावपळ."

मी विचारायला नको होतं, पण विचारलं. "डावा कधी..."

"सप्टेंबरात."

अकरा ऑगस्ट, अठरा ऑगस्ट. मी मनात मोजत होतो हे त्यांना दिसत असणार, पण त्या माझ्याकडं बघत नव्हत्या. डब्याचं झाकण उघडून माझ्यापुढं सरकवत त्या बोलतच राहिल्या.

"तिनं माझ्या तोंडावरून हात फिरवला. कपाळ, गाल, हनुवटी. म्हणाली, म्हातारी झालीस गं. मी म्हटलं, तू काय तरणी राहिलीस? मी नवा ड्रेस शिवला होता जायला. तिनं बाही चाचपली आणि विचारलं, कुठला रंग? मी म्हटलं, अबोली. तर म्हणाली, तुला अबोली कधीच शोभली नाही."

त्या हसल्या. मला हसता आलं नाही.

"बाई," मी म्हटलं, "ऑगस्टात जागा होती. पहिल्या दिवसापासून होती. मी खोटं बोललो तुमच्याशी."

"माहीत आहे."

"त्या दिवशी, सावंत आले तेव्हा कळलं ना?"

"नाही. पहिल्याच फोनला कळलं. चौतीस वर्षं पोरं शिकवली मी. न विचारता कारण सांगणारं पोर खोटं बोलत असतं. मी जागा आहे का एवढंच विचारलं होतं, तुम्ही मला नवीन लग्न झालेल्यांची गर्दी सांगितलीत."

"मग दुसऱ्याकडं का नाही गेलात? शहरात आणखी तिघं आहेत."

"गेले होते. एकानं विचारलं, दुसरी बाई कोण? मी सांगितलं. त्यानं मला हात जोडून बाहेर काढलं. दुसऱ्यानं नाव वाचूनच नाही म्हटलं." त्यांनी पर्सची चेन ओढली. "मग तुमच्याकडंच परत आले. तुम्ही खोटं बोलत होतात, पण रोज दहाला फोन केला की तुमचा आवाज पडायचा. म्हटलं, याला निदान लाज वाटतेय. लाज वाटणारा माणूस कधी तरी वळतो. वळलात तुम्ही. जरा उशिरा."

डब्यातून उचललेली वडी माझ्या हातात तशीच होती. काही तरी करायला हवं म्हणून मी संगणक माझ्याकडं वळवला.

"पुढच्या वेळचं बघून ठेवू?" मी विचारलं. "फेब्रुवारीत आणखी देश उघडतील. या वेळी मी पहिल्या दिवशी जागा धरून ठेवतो, बाई. तारीख सांगा फक्त."

बाई उठल्या. रिकाम्या खुर्चीची पाठ त्यांनी टेबलाशी नीट लावली.

"बघा सवडीनं," त्या म्हणाल्या. "निघताना मी तिला तेच विचारलं, पुन्हा कधी? ती म्हणाली, ये केव्हाही. आता घाई नाही."